पित्तनलिकेचा टाका : डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांची जीवनकथा

आपल्या नात्यागोत्यात पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन झालेले कोणी ना कोणी असतेच. पोटावर तीन-चार लहान छिद्रे, एक-दोन दिवस दवाखान्यात मुक्काम, आणि थोड्याच दिवसांत माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. एकशेचाळीस वर्षांपूर्वी मात्र हेच दुखणे जिवावर बेतत असे. पोट उघडायला डॉक्टर धजत नसत. उघडलेच, तर आतला नाजूक भाग नीट शिवता येईल याची खात्री नसे. ही शिवण कशी असावी याचा आयुष्यभर विचार करणाऱ्या, आणि शेवटी त्याच दुखण्याने गेलेल्या एका शल्यविशारदाची ही हकीकत आहे. डॉ. विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड हे त्यांचे नाव.

प्रथम शरीराची थोडी ओळख करून घेऊ. यकृतात पित्त तयार होते. त्यातले काही पित्ताशय नावाच्या लहान पिशवीत साठते आणि जेवण झाले की एका नलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरते. या मुख्य नलिकेला पित्तनलिका म्हणतात. ती साधारण पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहूनही बारीक असते आणि तिची भिंत अगदी पातळ असते. पित्ताशयातला खडा घरंगळत या नलिकेत अडकला की पित्त तुंबते, कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो. खडा काढायचा तर नलिका कापावी लागते, आणि कापलेली नलिका पुन्हा शिवणे हे त्या काळी फार अवघड काम होते. टाका सैल पडला तर पित्त पोटात झिरपते. घट्ट पडला तर नलिका आकसते आणि पुन्हा कावीळ होते.

श्रीमंत घरातला मुलगा

विल्यम यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात २३ सप्टेंबर १८५२ रोजी झाला. वडिलांचा कापडाच्या आयातीचा मोठा व्यापार होता. घरात कशाची वाण नव्हती. येल विद्यापीठात असताना त्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा मैदानावर जास्त असे. ते तिथल्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी त्यांनी शरीररचनेचे आणि शरीरक्रियेचे पुस्तक विकत घेतले, आणि मुलाचा कल एकदम बदलला. १८७४ साली येलमधून पदवी घेऊन ते न्यू यॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व १८७७ साली डॉक्टर झाले.

पुढची दोन वर्षे, १८७८ ते १८८०, त्यांनी युरोपात काढली. व्हिएन्ना, वुर्झबर्ग, लाइपझिग ही त्या वेळी शल्यविद्येची तीर्थक्षेत्रे होती. व्हिएन्नाचे बिलरॉथ पोटाच्या शस्त्रक्रियांत सगळ्यांच्या पुढे होते. तिथे हॉल्स्टेड यांनी दोन गोष्टी पाहिल्या. शल्यविशारद प्रयोगशाळेतही तितकाच वेळ घालवतो, आणि हाताखालच्या तरुण डॉक्टरांना वर्षानुवर्षे जवळ ठेवून टप्प्याटप्प्याने तयार करतो. या दोन्ही गोष्टी त्यांनी मनात जपून ठेवल्या.

आईचे ऑपरेशन

अमेरिकेत परतल्यावर हॉल्स्टेड न्यू यॉर्कमध्ये एकाच वेळी अनेक रुग्णालयांत काम करू लागले. धाडस अंगात मुरलेले होते. १८८१ साली बहिणीला बाळंतपणानंतर भयंकर रक्तस्राव झाला. तिची शुद्ध हरपत चालली होती. हॉल्स्टेड यांनी स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिला दिले आणि मग तिच्यावर उपचार केले. रक्तगट ही गोष्ट जगाला तेव्हा माहीत नव्हती. बहीण वाचली.

पुढच्याच वर्षी, १८८२ साली, आईचा निरोप आला. त्या वेळी त्या ऑल्बनी शहरात मुलीकडे राहात होत्या. पोटात असह्य दुखत होते, ताप होता, अंग पिवळे पडले होते. मुलाने तपासले आणि पित्ताशयात पू झाला आहे हे ओळखले. उजाडेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. मध्यरात्र उलटून गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी आईचे पोट उघडले, पित्ताशयातला पू काढला आणि सात खडे बाहेर काढले. आई बरी झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी जगात पहिल्यांदा संपूर्ण पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली होती. म्हणजे हा सगळा विषयच त्या वेळी कोवळा होता. हॉल्स्टेड यांचा पित्तमार्गाशी आलेला हा पहिला संबंध.

व्यसनाचा फेरा

१८८४ च्या सप्टेंबरात कोकेनने डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी सिद्ध केले. हॉल्स्टेड यांनी ते वाचले आणि पुढचे पाऊल टाकले. मज्जातंतूजवळ कोकेन टोचले तर त्या तंतूचा सगळा भाग बधिर होईल, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरला. आज दातांच्या डॉक्टरांकडे हिरडीत सुई टोचून जबडा बधिर करतात त्याचे मूळ इथे आहे. पण हे प्रयोग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच शरीरावर केले. कोकेनची सवय लागते हे कोणालाच ठाऊक नव्हते. काही महिन्यांत तल्लख, हसतमुख असा हा डॉक्टर पुरता कोलमडला. १८८५ साली त्यांनी लिहिलेला एक लेख इतका विस्कळीत होता की वाचणाऱ्याला अर्थ लागेना.

१८८६ साली ते प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात अनेक महिने राहिले. कोकेन सुटावे म्हणून मॉर्फिन देण्यात आले, आणि मॉर्फिन पुढे जन्मभर सुटले नाही. सोबत्यांपैकी काही जण या व्यसनात कायमचे बुडाले. हॉल्स्टेड यांना हात दिला तो विल्यम वेल्च या मित्राने. बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उभे राहात होते. तिथल्या आपल्या प्रयोगशाळेत वेल्च यांनी त्यांना बोलावून घेतले. न्यू यॉर्कचा नामांकित डॉक्टर आता एका खोलीत कुत्र्यांच्या आतड्यांना टाके घालीत बसला.

आतड्यावरचा धडा

याच पडत्या काळात त्यांच्या हातून फार मोलाचे काम झाले. कापलेली आतडी जोडताना टाका किती खोल घालावा यावर एकमत नव्हते. वरवर घातला तर तो फाटून निघे. आरपार घातला तर दोऱ्याबरोबर आतली घाण बाहेर येई. हॉल्स्टेड यांनी आतड्याचा एक-एक थर तपासला. आतल्या नाजूक अस्तराच्या लगेच बाहेर एक पातळ पण चिवट थर असतो, आणि शिवणीची सारी ताकद त्या थरात असते, असे त्यांना आढळले. सुईने या थराचा धागा पकडायचा आणि आतल्या पोकळीत शिरायचे नाही. सराव झालेल्या हाताला हा थर सुईच्या टोकावर जाणवतो. १८८७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी निवडलेला टाका गादी किंवा गोधडी शिवताना घालतात तशा जातीचा होता. अलीकडून पलीकडे आणि पुन्हा पलीकडून अलीकडे. दाब एका ठिकाणी न येता पसरतो आणि कड फाटत नाही.

संशोधन सादर केल्यानंतर व्यसनाने पुन्हा डोके वर काढले आणि त्यांना आणखी काही महिने बटलर रुग्णालयात काढावे लागले. तिथून ते परत बाल्टिमोरला आले. १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. सुरुवातीला त्यांची नेमणूक तात्पुरती होती. १८९० साली ते मुख्य शल्यविशारद झाले आणि १८९२ साली प्राध्यापक.

परत आलेले हॉल्स्टेड वेगळे होते. पूर्वी ते झपाट्याने शस्त्रक्रिया करीत. आता ते संथ झाले. भुलीचे औषध येण्यापूर्वी वेग हाच शल्यविशारदाचा मोठा गुण मानला जाई, आणि ती सवय पुढेही टिकून होती. हॉल्स्टेड यांनी ती मोडली. प्रत्येक लहान रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधायची, अवयव ओढायचा-चिरडायचा नाही, जखमेच्या कडा ताण न देता जुळवायच्या, हा त्यांचा परिपाठ झाला. शस्त्रक्रिया तासन्‌तास चाले. पाहायला आलेले लोक कंटाळत. पण जखमा भरून येत.

रेशीम की तात, सुटा की सलग

आता टाक्यांकडे येऊ. त्या काळी बहुतेक डॉक्टर कॅटगट वापरीत. मेंढीच्या आतड्यापासून केलेला हा तातीसारखा दोरा शरीरात विरघळतो, ही त्याची सोय. पण तो जाड असे, पूर्ण निर्जंतुक करणे कठीण जाई आणि किती दिवसांत विरेल याचा भरवसा नसे. हॉल्स्टेड यांनी अगदी बारीक रेशमी दोरा निवडला. रेशीम उकळून घेता येते, गाठ लहान बसते आणि दोरा बारीक असल्यामुळे हाताला आपोआप शिस्त लागते. जोराने ओढला तर तो तुटतो. म्हणून कडा ताणून आणण्याचा मोह होत नाही.

दुसरा प्रश्न सुटे टाके घालावेत की सलग शिवण. आपल्या घरातल्या शिलाईवरून हा फरक सहज समजेल. धावदोऱ्याची शिवण झटपट होते, गाठी दोनच लागतात आणि शिवण सगळीकडे सारखी बसते. पण तोच दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात. बटव्याच्या तोंडाशी असलेली नाडी ओढली की तोंड मिटते, तसे गोल नलिकेचे होऊ शकते. शिवाय दोरा एका जागी तुटला तर सगळी शिवण सैल होते. सुट्या टाक्यांना वेळ लागतो, गाठी पुष्कळ होतात, पण प्रत्येक टाका आपला भार आपण वाहतो. एक सुटला तरी शेजारचे धरून राहतात. एका टाक्याशी जंतू शिरले तर दोऱ्याच्या वाटेने सगळीकडे पसरत नाहीत. हॉल्स्टेड यांचा कौल सुट्या, बारीक आणि हलक्या हाताने बांधलेल्या टाक्यांना होता. गाठ कडा जुळतील इतपतच आवळायची. त्यापुढे आवळली तर तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जी जागा सांधायची तीच मरते.

पित्तनलिकेवर हे सगळे लागू करताना वेगळीच अडचण येई. नलिका खोल, रिकामी झाली की चपटी होणारी. पुढची भिंत शिवताना सुई मागच्या भिंतीत अडकण्याची भीती. यावर हॉल्स्टेड यांनी एक साधी युक्ती काढली. त्यांनी अगदी लहान हातोड्या तयार करून घेतल्या, वेगवेगळ्या मापांच्या. हातोडीचे डोके छेदातून नलिकेच्या आत सरकवायचे आणि दांडा बाहेर ठेवायचा. नलिका आतून ताठ उभी राहते आणि दांडा धरून थोडी वरही उचलता येते. मग डोक्यावर ताणलेल्या भिंतीतून टाके घालायचे, हातोडी हलकेच काढून घ्यायची आणि गाठी मारायच्या. रफू करताना कापडाखाली काहीतरी गोल आधार धरतात, त्यातलाच हा प्रकार.

१८९८ साली त्यांनी याहून मोठे धाडस केले. पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते त्याच जागी एका स्त्रीला कर्करोगाची गाठ होती. हॉल्स्टेड यांनी आतड्याच्या तेवढ्या तुकड्यासकट गाठ काढली आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका पुन्हा आतड्याला जोडून दिल्या. रुग्ण शस्त्रक्रियेतून उठली. काही महिन्यांनी रोग उलटला, पण ही जागा कापून पुन्हा सांधता येते हे सिद्ध झाले. पुढच्या पिढ्यांनी त्या वाटेने बरीच मजल मारली.

हातमोजे, शिष्य आणि मौन

हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील मुख्य परिचारिका होत्या कॅरोलाइन हॅम्प्टन. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षारामुळे त्यांच्या हातांची कातडी सोलून निघू लागली. हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. हात वाचले. १८९० च्या जूनमध्ये दोघांचे लग्न झाले. मोज्यांचा खरा उपयोग रुग्णाला आहे हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. जोसेफ ब्लडगुड या त्यांच्या शिष्याने १८९६ पासून प्रत्येक शस्त्रक्रियेत मोजे घालायला सुरुवात केली आणि जखमा पिकण्याचे प्रमाण खूप कमी झाले.

युरोपात पाहिलेली शिक्षणाची पद्धत त्यांनी बाल्टिमोरमध्ये रुजवली. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे शिकायचे, जबाबदारी वाढत वाढत शेवटी स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करायच्या. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे हार्वे कुशिंग हे त्यांचेच शिष्य. आज सरकारी रुग्णालयांत रात्रंदिवस राबणारे निवासी डॉक्टर आपण पाहतो, त्या व्यवस्थेच्या मुळाशी हॉल्स्टेड यांची ही घडण आहे.

त्यांची सगळीच मते काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. स्तनाच्या कर्करोगात स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकण्याची त्यांची शस्त्रक्रिया कित्येक दशके जगभर चालली. पुढे काटेकोर तुलना झाल्यावर एवढे कापण्याची गरज बहुतेक स्त्रियांना नसते हे दिसून आले. खरे तर ज्याने ऊतींना जपायला शिकवले, त्याच्याच नावाने इतकी मोठी कापाकाप इतकी वर्षे होत राहिली.

माणूस म्हणून ते अबोल होत गेले. वर्षातले कित्येक महिने पत्नीसह नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या शेतावर जात. तिथे डेलियाची फुले वाढवीत, कुत्री पाळीत. शर्ट धुण्यासाठी पॅरिसला पाठवीत, अशीही त्यांची तऱ्हा. मॉर्फिन चालूच होते हे अगदी जवळच्या एक-दोघांनाच माहीत होते. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी ते एका खासगी वहीत लिहून ठेवले होते, आणि ती वही १९६९ साली उघडण्यात आली. तोवर बहुतेकांची समजूत अशी की व्यसन कधीच सुटले. एवढे ओझे वाहत या माणसाने तीस वर्षांहून अधिक काळ हात स्थिर ठेवून काम केले.

शेवटचा खडा

पित्तनलिकेचा विषय त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. नलिका कापल्यावर तीत नळी ठेवून पित्त काही दिवस बाहेर वाहू द्यावे, असा बहुतेकांचा प्रघात होता. जर्मनीच्या हान्स केर यांनी त्यासाठी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी काढली होती. हॉल्स्टेड मात्र १९१९ सालीही लिहीत होते की योग्य रुग्णात नलिका नीट शिवून बंद करावी, नळी टाळावी. त्याच वर्षी त्यांना स्वतःलाच पित्तखड्यांचा त्रास झाला आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांचे पित्ताशय काढावे लागले.

तीन वर्षांनी, १९२२ च्या उन्हाळ्यात, शेतावर असताना दुखणे उलटले. कळा, थंडीताप, आणि मग कावीळ. बाल्टिमोरला आणून ऑगस्टच्या अखेरीस जॉर्ज ह्यूअर आणि माँट रीड या त्यांच्याच शिष्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. पित्तनलिकेच्या टोकाशी अडकलेला खडा निघाला. पण नंतर रक्तस्राव झाला, पाठोपाठ न्यूमोनिया. ७ सप्टेंबर १९२२ रोजी हॉल्स्टेड गेले. सत्तरावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता. पत्नी कॅरोलाइनही त्याच वर्षी गेल्या.

कावीळ झालेल्या रुग्णाचे रक्त लवकर का थांबत नाही याचे मोठे कारण पुढे कळले. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी के जीवनसत्त्व शोधले. ते शोषून घ्यायला आतड्यात पित्त लागते, आणि पित्त अडले की त्याचा तुटवडा होऊन रक्त गोठत नाही. आता अशा रुग्णाला आधी त्याचे इंजेक्शन देतात. हॉल्स्टेड यांच्या नलिकेत अडकला तसा खडा बहुतेक वेळा तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. ही पद्धत १९७४ पासूनची. पोट उघडावेच लागत नाही.

आणि टाक्यांचे काय झाले? रेशीम पित्तनलिकेतून गेले, कारण न विरघळणाऱ्या दोऱ्याभोवती पित्त साकळून नवा खडा धरतो असे अनुभवाला आले. आता तिथे विरघळणारा गुळगुळीत कृत्रिम दोरा वापरतात. सुटे की सलग हा वाद मात्र यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही चालू आहे. रुंद नलिकेवर सलग शिवण पुष्कळांना चालते, अरुंद नलिकेवर बरेच शल्यविशारद अजूनही सुटे टाके पसंत करतात. पित्तनलिकेच्या मुख्य बारीक रक्तवाहिन्या तिच्या दोन्ही कडांनी उभ्या जातात हे पुढे स्पष्ट झाले, तेव्हा गाठ आवळू नये या हॉल्स्टेड यांच्या आग्रहाला आणखी बळ मिळाले. दोरा बदलला, पण तो बांधायची रीत त्यांचीच राहिली.

या हकीकतीतून आपल्यासाठी एक साधी गोष्ट घ्यावीशी वाटते. उजव्या बरगडीखाली कळा, थंडी वाजून ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर घरगुती काढे आणि पथ्य करीत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हॉल्स्टेड यांनी आईसाठी उजाडण्याचीही वाट पाहिली नव्हती.